पंधरा केव्हीए

खवण्याच्या पुळणीवर तो उतरला तेव्हा माझ्याकडे
पंधरा केव्हीएचा जनरेटर होता
आणि लग्नसराईला अजून दीड महिना.
सिरिसोम कलुआरच्ची.
एवढं नाव आमच्या तोंडात मावेना,
दोन दिवसांत त्याचा आचरेकर झाला.

लुंगी आमच्यासारखीच. गाठ मात्र डावीकडे.
आईने कढीत आमसुलं टाकली, तेव्हा म्हणाला,
आमच्याकडे याला गोरका म्हणतात, काळं असतं,
आणि बोट चाटून बराच वेळ गप्प.

रात्री मी डिझेल ओतायचो, तो शेजारी बसायचा.
त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं,
म्हणून सगळं समजायचं.

पहिलं नाटक सतराव्या वर्षी, विहाराच्या अंगणात.
पेट्रोमॅक्स दोन, त्यातली एक उसनी.
दुसऱ्या अंकात दोन्हींची मेंटलं फुटली,
राजा काळोखातच मेला
आणि लोक म्हणाले, काय बसवलंय पोराने!
तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं
तसा काळोख पुन्हा जमत नव्हता त्याला.
हे तो मला सांगत होता. उजेड भाड्याने देणाऱ्याला.

मग टीव्ही. बावन्न आठवड्यांची मालिका.
नायिका विसाव्या भागात मरायची होती,
साबणवाल्यांनी मरू दिली नाही.
बाजारात बायका थांबवून तिची तब्येत विचारायच्या.
त्यातून घर बांधलं, म्हणाला,
चोरी कबूल करावी तसं.

सिनेमे तीन.
एक चालला. एक सरकारी कपाटात गेला.
एकाची रिळं दमट हवेत आंबली,
डबा उघडला तर लोणच्याच्या बरणीसारखा वास.

चौथा इथं,
कारण त्याच्या गावच्या किनाऱ्यावर तेव्हा
काटेरी तारा होत्या, शिपाई होते.
नकाशावर बोट वर सरकवत सरकवत
तो आमच्या माडांपाशी थांबला होता.

रापणीचा दोर माझ्या बापाच्या हातात.
आचरेकर ओरडायचा, आयेत्! म्हणजे पुन्हा.
मनासारखं झालं की हळू म्हणायचा, हरी.
त्यांच्यात हरी म्हणजे बरोबर, ठीक.
बापाला कोण सांगणार?
"ह्यो मेलो माळकरी दिसता. उठता-बसता हरी!"
आणि बाप त्याच्यासमोर विडी विझवू लागला.

चौदा वेळा रिकामं जाळं ओढलं.
पंधराव्यांदा बांगडा लागला, खरा, टोपल्या पुरेनात एवढा,
आणि नेमकं रीळ संपलं.
कॅमेरामन कपाळावर हात मारून बसला.
आचरेकर लुंगी खोचून पाण्यात शिरला,
गुडघाभर चांदीत उभा राहून हसत सुटला.
ते कशातच आलेलं नाही.

नऊ वर्षांनी एक सीडी आली, तिकिटावर हत्ती.
तोवर बाप गेला होता, आणि चिठ्ठी वाचून कळलं, आचरेकरही.
मुलीने लिहिलं होतं,
त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी पडद्यावर
आपापली घरं ओळखली.
खवण्यात.

आईला समोर बसवलं.
बाप दोर ओढतोय, मान तशीच तिरकी,
आणि तोंड उघडलं तर सिंहली.
कोलंबोच्या कुणा नटाचा आवाज, भारदस्त, खोकला नसलेला.
आई म्हणाली, "ह्येंका येवडा बोलूक कधी येऊ लागला?"
मग, "काय म्हणतंत ते?"
मला दोनच शब्द येत होते, त्यांतला एकही तो बोलत नव्हता.
शेवटी दोर ताणून बाप थेट आमच्याकडे वळला,
ओठ उघडले
आणि लाइट गेली.

पडवीपासून चुलीपर्यंत काळोख.
आई कितीतरी वेळ हलली नाही.
मग म्हणाली, हरी.

जनरेटर अंगणातच होता.
टाकीत डिझेलही होतं.